तांबडीचा सव्वा महिना

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अमृतनं एकशेबारा नंबरची प्लेट इन्क्युबेटरमधून काढली, झाकण न उघडता खालच्या बाजूनं उजेडात धरली, आणि कॅलिपरकडे गेलेला त्याचा हात तिथंच थांबला. प्लेटवर औषधात भिजवलेल्या सहा चकत्या होत्या. औषध जिथपर्यंत जिवाणूला वाढू देत नाही तिथपर्यंत चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ पडतं. ते मोजायचं आणि मिलिमीटरमध्ये लिहायचं, हे काम तो तेवीस वर्षं करत होता. आज सहापैकी एकाही चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. साल्मोनेलाचा सायीसारखा थर थेट चकत्यांच्या काठाला जाऊन टेकला होता. एक-दोन औषधांना दाद न देणारे जिवाणू त्यानं रोज पाहिले होते. पोल्ट्रीच्या शेडमधून आलेल्या नमुन्यांत चार-चार औषधं वाया गेलेलीही पाहिली होती. सहाच्या सहा मात्र त्याला आठवत नव्हती. वर्तुळ नसलं तर चकतीचाच व्यास लिहायचा असतो. म्हणून त्यानं एकाखाली एक सहा वेळा सहा लिहिलं, आणि मग तेवीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यानं रजिस्टर उघडून नमुना कुठला आहे ते पाहिलं. पत्ता माहीत असला की डोळा लबाडी करतो, एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे होतो, असं त्याचं मत होतं, आणि नव्या आलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला तो ते ऐकवत असे. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: नमुना ११२, गट तिसरा, गुंजवण्याच्या वरची वस्ती, मालक सोजराबाई. सोजराबाई म्हणजे त्याची सख्खी आत्या.

तिसरा गट त्याच्याच सांगण्यावरून झाला होता. प्रकल्प रत्ना मॅडमचा. पक्ष्यांमधल्या साल्मोनेलावर कोणती औषधं अजून चालतात, एवढाच प्रश्न. पहिल्या गटात पोल्ट्रीतले पक्षी, दुसऱ्यात चिकनच्या दुकानातले. तुलनेसाठी कधीच औषध न मिळालेल्या कोंबड्या हव्या होत्या, आणि त्या कुठं मिळतील यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत चहाचे कप गोळा करताना अमृत म्हणाला होता, "मॅडम, वेल्ह्याकडं चला. आमच्या आत्याच्या वस्तीवर माणसालाच औषध मिळत नाही, कोंबडीला कोण देतंय." सगळे हसले, आणि ते मिनिट्समध्ये गेलं. त्याचं बोलणं मिनिट्समध्ये गेल्याची ती पहिलीच वेळ. आता मॅडमनी प्लेट हातात घेतली, खालून पाहिली, वरून पाहिली, आणि टेबलावर ठेवली. "औषध न मिळालेल्या कळपात हे खरंच असेल, तर फार मोठी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "नसेल, तर आपलं कुठंतरी चुकलंय. मोठ्या गोष्टीपेक्षा चूक असण्याची शक्यता नेहमी जास्त असते." मग त्यांनी रजिस्टरवरचं बोट खाली सरकवलं. "घरात लहान मूल आहे?" अमृतनं मान डोलावली. मामेभावाची... नाही, आतेभावाची मुलगी, चार महिन्यांची. नाती सांगतानासुद्धा त्याची गडबड व्हायला लागली होती. "मग नियम तुम्हाला माहीत आहे. सगळ्या कोंबड्या तपासायच्या. कळपात पसरलं असेल तर कळप काढून टाका म्हणून सांगायचं. ते सांगायला दुसरं कुणी गेलं तर..." "मीच जातो," अमृत म्हणाला.

कळप काढून टाका. हे शब्द त्यानं कितीतरी अहवालांच्या शेवटी टाइप केले होते, आणि टाइप करताना ते कुणाला तोंडानं सांगावे लागत असतील असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आत्याच्या कोंबड्या म्हणजे काही कोंबड्यांचा कळप नव्हता, ते घराणं होतं. धरणात खालची जमीन आणि घर गेलं त्या वर्षी लोकांनी दारांच्या चौकटी नेल्या, पाटे-वरवंटे नेले, कुणी आंब्याची रोपं नेली. आत्यानं दोन काबऱ्या कोंबड्या आणि एक कोंबडा डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या त्या मोठ्या टोपलीखाली झाकून, डालगं फळीला बांधून डोक्यावरून डोंगराच्या अंगाला वर नेला. आजच्या नऊ कोंबड्या त्या दोघींच्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या, बुटक्या पायांच्या, कावळ्यालाही हुसकून लावणाऱ्या. दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्यांची तोंडं सारखी दिसतात असं बाहेरचा माणूस म्हणाला असता, पण आत्या त्यांना आवाजावरून ओळखत असे. एकीला ती 'पाटलीण' म्हणे, कारण ती चालताना थांबून मागं बघत असे. अमृत लहानपणी सुट्टीत तिथं जायचा तेव्हा दिवस कलायला लागला की कोंबड्या खुराड्यात गेल्या का ते मोजायचं काम त्याच्याकडे असायचं. एकदा त्यानं खेळाच्या नादात न मोजताच बारा सांगितलं होतं. बारावी बाहेर राहिली होती, तिला मुंगसानं नेलं. आत्या ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "किती?" तो म्हणाला, "अकरा." ती म्हणाली, "आता बराबर." मोजण्याची नोकरी आपल्याला का लागली याचं उत्तर कुणी मागितलं असतं, तर त्यानं प्रामाणिकपणे मुंगसाचं नाव घेतलं असतं.

घरी येईपर्यंत त्याला पोटात कळ आल्यासारखं वाटायला लागलं. तीन आठवड्यांपूर्वी आत्यानं भाताच्या कोंड्यात रोवून बारा अंडी पाठवली होती. त्यातली किती त्यानं खाल्ली, कशी खाल्ली, अर्धकच्ची होती का, हे तो बसमध्ये उभ्यानं आठवत राहिला. सुलक्षणानं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळायची थांबवली नाही. "आम्लेट केलं होतं मी त्यांचं. करपलं म्हणून तुम्हीच कुरकुर केलीत. आता त्या करपण्याचे उपकार माना." मग कणकेला पाण्याचा हात लावत, "कळ पोटात नाही तुमच्या. तुम्ही आत्यांना काय सांगायचं ते ठरवताय." हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यानं बायकोला सांगितलं नाही. पावसाळ्यात आत्याच्या पायाला कोयता लागून जखम चिघळली होती, तेव्हा दवाखान्यातून लिहून आणलेल्या दहा कॅप्सूल त्यानंच पुण्यातून नेऊन दिल्या होत्या. पंधरा दिवसांनी गेला तेव्हा पाय बरा होता आणि फडताळात पट्टी दिसली होती, चार रिकाम्या खाचांची. सहा शिल्लक. संपव म्हणून सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात जेवायला वाढलं. आत्या काही वाया घालवणारी बाई नव्हती. भाकरीचा तुकडा, भाताची पेज, शिळं ताक, जे माणसाला नको ते कोंबड्यांना. सहा कॅप्सूल आणि सहा वेळा लिहिलेलं सहा. या दोन सहांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे शास्त्र त्याला माहीत होतं, सहा गोळ्यांनी एवढं होत नाही हेही माहीत होतं, आणि तरी डोळे मिटले की पांढऱ्या-लाल कॅप्सूल टिपणारी पाटलीण दिसत होती, टिपून झाल्यावर थांबून मागं बघणारी.

बुधवारी स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, स्वॅबच्या नळ्या आणि हातमोजे. शेजारच्या माणसानं नसरापूरपर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, "मासं का?" "नाही, रिकामाच आहे," अमृत म्हणाला, आणि डबा रिकामा नेऊन भरून आणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तो माणूस मार्गासनीपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. बाहेर भात कापून झालेली खाचरं, मध्ये मध्ये उडव्या रचलेल्या, आणि उन्हात कोवळी हिरवी दिसणारी हरभऱ्याची पट्टी. त्याला एकदम जाणवलं की आपण इतकी वर्षं या खोऱ्यातून जा-ये करतो ती फक्त लग्नकार्याला, आजारपणाला आणि दहाव्या-बाराव्याला. काम घेऊन असं कधी आलो नाही. आपलं काम नेहमी नळीत बंद होऊन आपल्याकडे येतं, वास काढून टाकलेलं, नंबर घातलेलं. एकशेबारा. त्याला कोंबडी कधी हातात धरावी लागली नव्हती. स्वॅब घ्यायला प्रकल्पातली मुलगी येऊन गेली होती, हातमोजे, टोपी, सगळं घालून. तिनं फॉर्म नीट भरला होता, अक्षर सुंदर होतं. मार्गासनीला उतरून त्यानं गुंजवण्याची जीप धरली. शनिवार-रविवारी राजगडावर जाणाऱ्यांनी हा रस्ता भरलेला असतो, आज जीपमध्ये दोन बायका, एक गॅसची टाकी आणि तो. धरणाचं पाणी दिसलं तसं त्यानं नेहमीप्रमाणं पाहिलं आणि नेहमीप्रमाणं आत्याचं बुडालेलं घर साधारण कुठं असेल त्याचा अंदाज केला. दर वेळी त्याचा अंदाज थोडा वेगळा यायचा. मोजायला तिथं काही खूण राहिली नव्हती. त्याचं त्याला वाईट वाटेनासं झालं होतं, पण हे आज त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचं थोडं वाईट वाटलं.

वस्तीवर पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. आत्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं त्याला वर येताना पाहिलं होतं, पण पोचेपर्यंत मान वर केली नाही. "ये," ती म्हणाली. "मदल्या वारी आलास. कोन गेलं?" "कुणी नाही गेलं." "मग नोकरी गेली." "नाही गं. कोंबड्या बघायला आलोय." आत्यानं सूप खाली ठेवलं. "कोंबड्या. बघ की. हायत्या त्या." आणि होत्या. उडवीच्या पायथ्याशी सगळ्या पसरल्या होत्या, दाणे उकरत, एकमेकींच्या पायाखालचं पळवत. घरातून सूनबाई आरती बाळाला खांद्यावर थोपटत बाहेर आली. "भावजी, पानी घ्या आदी. ही प्रांजल बघा, तुमास्नी बघून गप झाली." अमृतनं पाणी घेतलं, बाळाच्या तळव्याला बोट लावलं, मग आठवून बोट मागं घेतलं आणि खिशातल्या बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं. आत्यानं ते पाहिलं. तिनं काही विचारण्याआधी त्यानंच विचारलं, कारण वाटेत हजार वेळा घोकलेलं पहिलं वाक्य तेच होतं. "आत्या, पायाच्या गोळ्या उरल्या होत्या सहा. त्यांचं काय केलंस?" "अंबूबाईला दिल्या." "कुणाला?" "शेजारच्या अंबूबाईला. तिचा गुडगा धरला व्हता." "आणि?" "आन काय. गुडगा हाय तसाच हाय. म्हनली, तुजा भाचा पुन्यात कायतरी मोठा हाय म्हनं, पन गोळ्या काय लागू पडल्या न्हाईत." त्याला हसू आलं आणि त्याच वेळी हसू नये असंही वाटलं. अंबूबाईला वेगळं समजवावं लागणार होतं. पण पाटलीण निर्दोष होती. तो ओट्यावर बसला, बूट काढले, आणि काल सकाळपासून पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

बसल्या बसल्या त्यानं कोंबड्या मोजल्या. नऊ. सवयीनं पुन्हा मोजल्या, नऊ. मोबाईलमधला फॉर्मचा फोटो उघडला आणि तिसऱ्यांदा नुसतं मोजण्याऐवजी एकेकीकडे पाहिलं. काबरी, काबरी, काळ्या मानेची काबरी, पाटलीण. फॉर्मवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: रंग तांबडा. काल त्यानं ते वाचलं होतं. वाचलं म्हणजे नंबर वाचावा तसं वाचलं होतं. या घरात तांबडी कोंबडी कधी नव्हती. "आत्या," तो म्हणाला, "त्या मुलीनं काडी घातली ती कोंबडी कुठली?" "कंची पोरगी?" "हातमोजेवाली." "ती व्हय. घातली आसंल कुनाला तरी. म्या काय तिच्याजवळ हुबी व्हते?" "तांबडी होती." आत्यानं सूप पुन्हा उचललं आणि पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडले. तेवढ्यात गोठ्यामागून एक कोंबडी ओरडली, जाड, घोगऱ्या, परक्या आवाजात. उडवीजवळच्या नऊजणींपैकी एकीनंही तिच्याकडे मान वळवली नाही.

गोठ्याच्या पलीकडे, घरापासून वीसेक पावलांवर, जुन्या डालग्याखाली ती बसली होती. मोठी, गुळगुळीत, विटकरी पिसांची, अंगानं आत्याच्या दीड कोंबडीएवढी. पाण्याला करवंटी वेगळी, तिथला केरसुणीचा बुडखा वेगळा. डालग्याच्या वरच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. आरती मागून आली होती. ती अभिमानानं म्हणाली, "ही माज्या भावानं दिली. म्हायेराहून येताना. आमच्या उत्रोलीला त्याची शेड हाय, गावरान पाळतोय, भोरात हॉटेलवाले नेत्यात." "आणि ही इथं का?" "आता आत्याबाईंना इचारा. म्या पंदरा दिसांपासून म्हनतिया सोडा तिला. सोडंनात." आत्या येऊन पोचली होती. "सोयर हाय तिचं," ती म्हणाली, जसं काही हे सांगायचीही गरज नव्हती. "बाळंतिनीला सव्वा म्हैना ठेवत्यात का न्हाई? तसं नव्या कोंबडीला. बाजारातनं आनलेली आसू दे न्हाईतर पाव्हन्यानं दिलेली. मानमोडी येती ती बाहेरच्या कोंबडीसंगं. एका साली खालच्या गावात म्हादूनं बाजारची कोंबडी तशीच सोडली, आठ दिसांत गावात बांग द्यायला कोंबडा ऱ्हायला न्हाई. तवापासनं आमच्यात सव्वा म्हैना." अमृतनं रेघा मोजल्या. एकोणचाळीस. "उद्या सोडनार व्हते," आत्या म्हणाली.

उद्या. तो त्या शब्दापाशी काही क्षण उभा राहिला, ओल्या दगडावर पाय टाकल्यावर उभं राहावं तसा. मग त्यानं हळूहळू विचारायला सुरुवात केली आणि आत्यानं हळूहळू सांगायला. ती पोरगी पांढरे हातमोजे घालून आली होती. हातमोजे घातलेलं माणूस कोंबड्या घेऊनच जातं. बर्डफ्लूच्या साली खालच्या अंगाला असेच आले होते, नुसतं बघतो म्हणाले आणि पोती भरून नेली. म्हणून पोरगी चढण चढत होती तेवढ्यात आत्यानं आपल्या नऊजणी ओढ्याकडे हाकलल्या. "आन मग कायतरी तर दावाया पायजे. लांबनं आलेली, घामाघूम झालेली. ही बसलीच व्हती डालग्याखाली. म्हनलं, न्हेली तर हिला न्हिऊ दे. म्हायेरची तर हाय." आरतीचं थोपटणं थांबलं. "म्हायेरची तर हाय म्हंजे?" "म्हंजे घरची न्हवं." "माज्या भावाची कोंबडी मेली तर चालंल व्हय? भावजी, तुमच्यादेखत इचारते. ह्यास्नी सांगा." "आगं पर मेली कुठं? बसलीया की रानीवानी." "चाळीस दीस टोपल्याखाली ठिवली आन म्हनं रानी." अमृत मध्ये पडला नाही. तो दोघींकडे बघत होता आणि त्याच्या आत काहीतरी मोकळं होत चाललं होतं, इतकं की त्याला ते लपवावं लागलं. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, चूक निघाली होती. पण ती प्लेटमध्ये नव्हती, आपल्यातही नव्हती. एक म्हातारी आपलं घराणं वाचवायला एका पाहुणीला पुढं करून बसली होती, आणि पाहुणीच्या पोटात सहा औषधांना न जुमानणारं काहीतरी होतं, आणि तेच म्हातारीनं एकोणचाळीस दिवस, कुणी न सांगता, वीस पावलांवर रोखून धरलं होतं. धरलं असेल तर. त्यानं स्वतःला बजावलं, असेल तर. अजून नऊ नळ्या भरायच्या आहेत.

त्यानं दोघींना ओट्यावर बसवून सांगितलं. शास्त्र शक्य तितकं बाजूला ठेवून सांगितलं. या तांबडीच्या पोटात एक रोग आहे. तिला त्याचं काही होत नाही, माणसाला होतं, लहान बाळाला जास्त, आणि झाला तर डॉक्टरची साधी औषधं त्याच्यावर चालणार नाहीत. तुझ्या नऊजणींना तो लागला असेल तर त्या ठेवता येणार नाहीत. आत्या गप्प ऐकत होती. एवढी गप्प त्यानं तिला फक्त धरणाच्या मोजणीला माणसं आली होती तेव्हा पाहिलं होतं. मग ती म्हणाली, "औषदाला दाद देत न्हाई?" "नाही." "आन चुलीला?" "चुलीला देतो. नीट शिजवलं की मरतो. उकळत्या पाण्यापुढं तो इतरांसारखाच." "मग त्याचं येवडं काय," आत्या म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता, आणि तिचे डोळे उडवीकडे होते. आरतीनं मात्र बाळ त्याच्या हातात दिलं, पदर खोचला, मोबाईल काढला आणि स्पीकर चालू करून भावाला फोन लावला. "रायबा, कोंबड्यांच्या पान्यात काय घालतोस?" पलीकडून आधी कोंबड्यांचाच गलका आला. "काय न्हाई ताई. टॉनिक." "त्याच्यावर काय लिवलंय ते वाच." "इंग्लिशमदी हाय." "फोटू पाठीव." "आगं टॉनिक हाय ते, औषध न्हाई. पयल्या दिसापासनं घालतोय. सगळेच घालत्यात. कोंबडी तांबडीलाल व्हती त्यानं." फोटो आला. अमृतनं तो मोठा करून पाहिला. टॉनिकच्या बाटलीवर, बारीक अक्षरांत, सहा चकत्यांपैकी तीन औषधांची नावं होती. त्यानं फोन आरतीला परत दिला, आणि तिनं त्याच्या तोंडाकडे बघून भावाला सांगितलं, "पुन्यातनं मानसं येतील तुज्या शेडवर. त्यांना बघू दे. आन आत्याबाईंवानी दुसरीच कोंबडी दावू नगंस." "व्हय, दाव त्याला माजं उदारन," आत्या म्हणाली.

मग स्वॅब. अमृतनं हातमोजे चढवले. आत्या एकेक काबरी पंखांखालून उचलून छातीशी धरे, शेपूट वर करे, आणि तो नवख्या हातानं काडी आत घालून फिरवून नळीत टाके. पहिल्या दोघींनी त्याच्या शर्टावर आपलं मत नोंदवलं. "ह्येचा पगार देत्यात तुला?" "याचा नाही. मी मोजतो." "ते तरी बराय. तुज्या बाला काय सांगितलं आसतं म्या, पोरगा पुन्यात कोंबडीच्या मागं काडी घालतोय." आरती हसून हसून भिंतीला टेकली. पाटलीण शेवटची. तिनं काडी निघाल्यावर उडी मारली, चार पावलं गेली आणि थांबून मागं पाहिलं, आणि या वेळी अमृतनंच नजर खाली घेतली. निघताना त्यानं बजावलं: निकाल येईपर्यंत पाच दिवस नऊजणी खुराड्यात, शेजारच्यांत मिसळू द्यायच्या नाहीत, तांबडी तिथंच, अंडी नीट उकडून, हात साबणानं. आत्यानं सगळं मान्य केलं, फक्त पाच दिवस कोंडण्याचं तिला पटलं नाही. "बाहेरचीला सव्वा म्हैना झाला तवा कुनी काय बोललं न्हाई," आरती म्हणाली. "आता आपल्यांला पाच दीस झाले तर येवडं." आत्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग स्वतः जाऊन खुराड्याची फळी लावली.

परतीच्या एसटीत डबा मांडीवर होता आणि त्याला तो जड वाटत होता. पाच दिवस तो नेहमीसारखा कामावर गेला, नेहमीसारखे दुसऱ्यांचे नमुने मोजले, आणि नऊ नळ्या एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात, एका तापमानातून दुसऱ्या तापमानात जाताना बघत राहिला. मॅडमनी एकशेबारा नंबरची नोंद खोडली नाही. पत्त्यापुढे कंस केला, उत्रोलीची शेड असं लिहिलं, गट तिसऱ्याचा पहिला केला, खाली सही केली. "निष्कर्ष गेला तुमचा," अमृत म्हणाला. "गेला कुठं?" त्या म्हणाल्या. "योग्य घरी गेला." मग एक कोरा कागद ओढून त्यांनी त्याला सव्वा महिन्याची सगळी पद्धत पुन्हा विचारली. किती पावलं, पाण्याचं भांडं वेगळं का, केरसुणी कोणी वापरायची. उत्तरं देताना त्याच्या लक्षात आलं की त्यानं पावलं मोजून ठेवली होती, पण करवंटी का, हे विचारलंच नव्हतं. रात्री झोपताना तो विचार करत नसे. सकाळी दाढी करताना मात्र त्याला वाटे, नऊपैकी एक जरी निघाली तरी, आणि पुढचं वाक्य तो पूर्ण करत नसे. फळी आत्यानं स्वतःच्या हातानं लावली होती. ती उघडायला सांगायचं की कायमची बंद करायला, एवढंच आता उरलं होतं.

सोमवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी प्लेटा बाहेर आल्या. लाल माध्यमावर साल्मोनेला वाढली की ठिपक्यांचं मधलं अंग काळं दिसतं. त्यानं पहिली प्लेट पाहिली. पिवळे ठिपके, साधे, कोणत्याही कोंबडीच्या पोटात असतात तसे. दुसरी, तिसरी. सहाव्या प्लेटवर कडेला काळं काहीतरी दिसलं आणि त्यानं ती उजेडात धरली. तो लेबलच्या शाईचा डाग होता, त्यानं नखानं खरवडला. सातवी, आठवी, नववी. त्यानं मॅडमना बोलावलं. मॅडमनी नऊही प्लेटा पुन्हा पाहिल्या, एक भिंगाखाली धरली, आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत एकदा घ्यायचे, तोवर तांबडी डालग्याखालीच. एकदाच्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही." आणि मग, चष्मा काढून, "पण आज फोन करायला हरकत नाही."

त्यानं तिथूनच फोन लावला आणि टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. आत्यानं दुसऱ्या घंटेलाच उचलला, म्हणजे मोबाईल तिच्या हातातच होता. "बोल," ती म्हणाली. "काही निघालं नाही, आत्या." "कुनाचं?" "नऊजणींचं." "पाटलिनीचं?" "तिचंही नाही." मग आत्याचा आवाज आला, पण तो फोनसाठी नव्हता, लांबच्या कुणासाठी होता, मोठ्यानं: "आरती, फळी काढ गं. काढ, काढ, सगळी काढ." लाकूड घासल्याचा आवाज झाला. आणि तेवीस वर्षं जिथं फक्त नंबर घातलेल्या नळ्या येत होत्या त्या खोलीत, इन्क्युबेटर आणि नऊ लाल प्लेटांच्या मध्ये, पाच दिवस कोंडलेल्या कोंबड्या पंख फडफडवत, ओरडत, एकमेकींना ढकलत अंगणात पळत सुटल्या.